सोसायटी ग्रुप: बी-४०२ च्या लेकीचं हँडबॉल

बी-४०२: नमस्कार मंडळी. धाकटीची जिल्ह्याच्या हँडबॉल संघात निवड झाली 🙏 पुढचा महिनाभर संध्याकाळी तासभर पंपरूमच्या मागच्या भिंतीवर चेंडू मारायला परवानगी मिळेल का? गाड्यांच्या बाजूला येणार नाही.

सेक्रेटरी: अभिनंदन वहिनी! परवानगीचं आज कमिटीत विचारतो. हँडबॉल म्हणजे नेटवरून हाताने मारतात तोच ना?

सी-२०३: नाही हो भाऊ, ते व्हॉलीबॉल. हँडबॉलला मध्ये नेट नसतं. दोन्ही टोकांना गोलपोस्ट, ३ मीटर रुंद आणि २ मीटर उंच. मैदान ४० बाय २०. एका बाजूला गोलकीपर धरून सात जणी. चेंडू हातात घेऊन तीनच पावलं टाकायची, तीन सेकंदांत पास, शॉट नाहीतर जमिनीवर टप्पा. गोलसमोर ६ मीटरची ‘डी’ असते, तिच्यात पाय टेकवून मारता येत नाही. म्हणून पोरी डीबाहेरून झेप घेतात आणि हवेत असतानाच मारतात. मी कॉलेजात चार वर्षं खेळले. तो झेप घेतल्याचा क्षण अजून अंगात आहे.

डी-१०४: ताई, आपल्याकडे याला काही भविष्य आहे का? टीव्हीवर तर कधी दिसत नाही.

सी-२०३: दादा, डिसेंबर २०२४ मध्ये महिलांची आशियाई अजिंक्यपद स्पर्धा दिल्लीत झाली. इंदिरा गांधी स्टेडियममध्ये. आठ देश आले होते. आपल्याच राजधानीत आशियाच्या हँडबॉलमधली केवढी मोठी गोष्ट घडली आणि आपल्या पेपरांत चार ओळी! मला त्याचं फार वाईट वाटलं.

बी-४०२: काय घडलं होतं?

सी-२०३: जरा मागून सांगते. ही स्पर्धा १९८७ ला सुरू झाली, जॉर्डनमध्ये अम्मानला. पहिली कोरियाने जिंकली (दक्षिण कोरिया). दुसरीही त्यांनीच. अशा सलग आठ. त्याच काळात त्या मुलींनी १९८८ ला सोलमध्ये ऑलिंपिक सुवर्ण घेतलं, १९९२ ला बार्सिलोनात पुन्हा घेतलं आणि १९९५ ला जगज्जेत्या झाल्या. युरोपच्या उंच, दणकट खेळाडूंसमोर वेग आणि झटपट पासिंग हीच त्यांची ताकद. आमचे सर आम्हाला तेच शिकवायचे, उंची नसेल तर पाय चालवा.

ए-१०१ आजोबा: एकच देश लागोपाठ आठ वेळा जिंकतो म्हणजे त्या स्पर्धेत राम तो काय राहिला? निकाल आधीच ठाऊक.

सी-२०३: आजोबा, मला उलट वाटतं. कोरियाला हरवणं हेच बाकीच्यांचं ध्येय होऊन बसलं. २००२ ला कझाकस्तानने ही मालिका तोडली. २००४ ला जपान जिंकलं. त्याच वर्षी अथेन्स ऑलिंपिकच्या फायनलला कोरिया डेन्मार्कशी दोनदा जादा वेळ खेळूनही बरोबरीत राहिला आणि शेवटी पेनल्टी थ्रोवर हरला. एवढा तगडा संघ, पण आशियाचं विजेतेपद त्या वर्षी त्यांच्याकडे नव्हतं. २०१० ला पुन्हा कझाकस्तान. मग २०१२ ते २०२२ परत कोरिया, सलग सहा.

डी-१०४: म्हणजे दिल्लीत कोरियाला सलग सातवी जिंकायची होती?

सी-२०३: हो, बरोबर. आणि समोर जपान. २०२२ च्या फायनलला जपानने कोरियाला जादा वेळेत नेलं होतं, तरी जपानच हरलं. ऑगस्ट २०२३ ला हिरोशिमात पॅरिस ऑलिंपिकची पात्रता होती. जपान घरच्या मैदानावर २४-२५ ने, एका गोलने हरलं आणि त्यांचं पॅरिसचं थेट तिकीट गेलं. दीड महिन्यात हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये त्यांनी कोरियाला २९-१९ ने हरवलं. आणि मग दिल्लीत फायनल, जपान २५, कोरिया २४. तोच आकडा, यावेळी उलटा. २० वर्षांनी जपान आशियाचं विजेतं झालं.

ए-१०१ आजोबा: 👏 हे माहीत नव्हतं. कबड्डीत शेवटच्या चढाईवर सामना फिरतो तसंच झालं हे.

बी-४०२: आणि आपल्या मुली?

सी-२०३: पहिले चार जपान, कोरिया, कझाकस्तान, इराण. ते २०२५ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला गेले. आपण त्या चारांत नव्हतो. पण वहिनी, मार्च २०२२ ला आपला ज्युनियर मुलींचा संघ अल्माटीत आशियाई विजेता झाला आहे. पहिल्यांदाच. हे धाकटीला नक्की सांगा. त्या ज्युनियर पोरींना पुढे सिनियरपर्यंत सराव, चांगले सामने, नोकरी मिळत राहिली तर चौथा नंबर लांब नाही असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे मुली दहावीला खेळ सोडतात, तिथेच सगळं तुटतं. माझ्या संघातल्या तिघी तशाच गेल्या, त्यातली एक माझ्यापेक्षा कितीतरी चांगली होती.

बी-४०२: आमची नाही सोडणार. ती आत्ता शेजारी बसून वाचते आहे. विचारते, मावशी शॉट शिकवतील का?

सी-२०३: अगं बाळा, रोज ये. आधी पास, मग शॉट. मनगट सैल ठेवायचं.

सेक्रेटरी: कमिटीचा होकार आला. संध्याकाळी ६ ते ७, पंपरूममागची भिंत. डी-१०४, तुमची स्कूटर तेवढा वेळ पुढे लावाल का?

डी-१०४: लावतो. माझ्या मुलीलाही पाठवू का? दुसरीत आहे.

सी-२०३: पाठवा ना. तिच्यासाठी छोटा चेंडू आणते. भाऊ, रविवारी सकाळी फक्की मिळेल का? ६ मीटरची डी आखून घेऊ, भिंतीवर खडूने ३ बाय २ चा गोल.

ए-१०१ आजोबा: फक्कीची अर्धी गोणी माझ्याकडे पडून आहे. टेपही आहे. सात वाजता खाली येतो.