भोसरीतल्या १४० माणसांच्या कारखान्यासाठी सरकारी योजना: कोणती खरंच उपयोगी पडते?

प्रेसशॉप_भोसरी
नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचं प्रेस शॉप आणि मशिनिंग आहे. बाबांनी भाड्याच्या गाळ्यात दोन पॉवर प्रेसवर सुरू केलं. आज १४० माणसं (निम्मी कॉन्ट्रॅक्टवर), दोन शिफ्ट, उलाढाल ६२ कोटी, मशिनरी साधारण १६ कोटींची. चार वर्षांपूर्वी मी नोकरी सोडून इथे आले.

दुखणी दोन. पहिलं दिसणारं: प्रेसची डाय (साचा) बदलायला दीड-दोन तास जातात, म्हणून लॉट मोठे काढतो, म्हणून शॉपमध्ये मालाच्या बिनांमुळे (पेट्यांमुळे) चालायला जागा नाही. गेल्या सहा महिन्यांत चाकणच्या ग्राहकाने दोनदा सॉर्टिंगला (खराब माल वेगळा काढायला) आमची माणसं बोलावली.

दुसरं न दिसणारं. पाच हजारांचं गेज आणायचं तरी सुपरवायझर बाबांच्या केबिनबाहेर उभा. बाबा लग्नाला कोल्हापूरला गेले, की दुसरी शिफ्ट "साहेब आले की विचारू" यावर चालते.

खाजगी सल्लागाराने आठ लाख सांगितले. शिवाय रोज एक फोन: "मॅडम, ९०% सबसिडी, फक्त रजिस्ट्रेशनचे २५ हजार भरा." काल एकाने सुचवलं, कंपनी कागदोपत्री तुमच्या नावावर करा, महिलांना झेड (दोषमुक्त उत्पादनाचं ब्राँझ-सिल्व्हर-गोल्ड असं सरकारी प्रमाणपत्र) पूर्ण फुकट आहे! लीन (वाया जाणारा वेळ आणि माल कमी करायची सरकारी योजना) आणि झेड यांतलं काय घ्यावं? आणि माणसं तयार करण्यासाठी काही योजना आहे का? स्वानुभव असेल तर सोन्याहून पिवळं.

लेथवाला
उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांची सरकारी नोंद) फुकट, झेडची प्रतिज्ञा फुकट, लीनची नोंदणीही सरकारी पोर्टलवर स्वतः करता येते. २५ हजारवाल्याचा नंबर ब्लॉक करा आणि चहा घ्या.

सीए_पिंपरी
ताई, आधी उद्यम प्रमाणपत्र नव्याने उतरवून बघा. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा बदलल्या. आधी लघु उद्योग म्हणजे १० कोटी गुंतवणूक आणि ५० कोटी उलाढालीपर्यंत, म्हणजे तुम्ही मध्यममध्ये होता. आता लघुची मर्यादा २५ कोटी आणि १०० कोटी. तुमचे आकडे पाहता तुम्ही लघुमध्ये बसता. (गुंतवणूक म्हणजे घसारा वजा जाता रिटर्नमध्ये दिसते ती. खरेदीची किंमत धरू नका.)

फरक काय? झेडच्या फीवर मध्यमला ५०% सूट, लघुला ६०%. सिल्व्हरची फी ४० हजार, गोल्डची ९०. म्हणजे सिल्व्हर तुम्हाला १६ हजारांत पडेल. त्याहून मोठी गोष्ट, ४५ दिवसांत पैसे मिळण्याचा कायदा पुरवठादार म्हणून फक्त सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लागू आहे. मध्यम असताना तुम्ही त्याच्या बाहेर होता, आता आत आलात.

आणि नाव बदलण्याच्या फंदात पडू नका. ब्राँझची पूर्ण फीच १० हजार आहे. त्यासाठी शेअरहोल्डिंग हलवायचं? महिला उद्योगांना पूर्ण सूट आहे हे खरं, पण ती खरोखर महिलेच्या मालकीच्या उद्योगांसाठी.

मशिनिस्ट७०
४५ दिवसांचा कायदा मुख्य ग्राहकाविरुद्ध वापरायची हिंमत कोण करतो सांगा. पुढच्या मॉडेलचं आरएफक्यू (कोटेशनची मागणी) यायचंच बंद होईल.

सीए_पिंपरी
@मशिनिस्ट७० खरंय. पण आयकरात ४३बी(एच) कलम (सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे वेळेत न दिल्यास ग्राहकाला त्या वर्षी त्या खर्चाची वजावट नाही) आल्यापासून ग्राहकाचा अकाउंट्स विभागच मार्च जवळ आला की विचारतो, तुम्ही सूक्ष्म का लघु? बिलाखाली उद्यम क्रमांक छापा, बस. भांडायला कोण सांगतंय.

तळवड्याचा_काका
सविस्तर लिहितो. ११० माणसांचं फॅब्रिकेशन आणि प्रेस आहे. लीन दोनदा केलंय.

पहिल्या वेळी जुनी योजना होती. दहाएक कारखान्यांचा गट करावा लागे, सरकार ८०% द्यायचं. गटातले निम्मे मालक एकमेकांना शॉप दाखवायलाच तयार नव्हते. आमच्याकडे सल्लागार आला, पिवळे पट्टे मारले, फलक लावले, आधीचे-नंतरचे फोटो काढले. दोन महिन्यांत पिवळ्या पट्ट्यावर बिन उभे! दोष त्याचा नव्हता. तो आला की मी केबिनमध्ये, आणि बरोबर फिरायला क्वालिटीचा नवा पोरगा. कामगारांनी ओळखलं, हे मालकाचं काम नाही, पाहुण्याचं आहे.

दुसऱ्यांदा मार्च २०२३ ला सुरू झालेल्या नव्या योजनेत गेलो. यात बेसिक, इंटरमीडिएट, ॲडव्हान्स्ड अशा तीन पायऱ्या. बेसिक म्हणजे ऑनलाइन शिकणं. पुढच्या दोन पायऱ्यांत सल्लागार प्रत्यक्ष येतो आणि त्याच्या खर्चाचे ९०% सरकार देतं. काम क्यूसीआय (भारतीय गुणवत्ता परिषद) आणि राष्ट्रीय उत्पादकता परिषद या दोघांमार्फत चालतं. या वेळी मी एकच अट घातली: सगळा कारखाना नको, १६० टनाची एकच प्रेस घ्या.

आम्ही डाय चेंजचा व्हिडिओ काढला आणि शिफ्टच्या पोरांनाच दाखवला. ९५ मिनिटांतली जवळपास ४० मिनिटं क्लॅम्प, बोल्ट आणि फोर्कलिफ्ट शोधण्यात! हसले सगळे, मग गप्प झाले. प्रेस चालू असतानाच पुढची डाय शेजारी आणून ठेवायची, सगळ्या डायना खाली पॅरलल लावून उंची सारखी करायची, क्लॅम्प एकाच मापाचे. तीन महिन्यांत ३८ मिनिटं. लॉट निम्मा झाला आणि बिन आपोआप कमी झाले. पट्टे पुन्हा मारावेच लागले नाहीत.

तेव्हा आधी लीन करा. झेड नंतर, तेही ग्राहक विचारत असेल किंवा बँकेत उपयोग असेल तर. ब्राँझला ५, सिल्व्हरला १४, गोल्डला २० निकष आहेत. शॉप लागलेलं असेल तर सिल्व्हरची कागदपत्रं आपसूक तयार होतात. उलटं केलंत तर नुसत्या फायली वाढतील.

मशिनिस्ट७०
+१. आमच्या शेजारच्या गाळ्यात प्रमाणपत्राची फ्रेम आहे आणि फ्रेमखालीच कुलंट गळतंय.

कॉव्हेंट्रीकर
मूळचा निगडीचा. इकडे 'हेल्प टू ग्रो: मॅनेजमेंट' आहे. ५ ते २४९ माणसांच्या कंपन्यांच्या मालकांना बिझनेस स्कूलमध्ये १२ आठवडे शिकवतात, सोबत एक मार्गदर्शक देतात. ९०% सरकारचे, कंपनी फक्त ७५० पौंड भरते. माझा बॉस करून आला. पहिला बदल म्हणजे सोमवारची मीटिंग तो आता स्वतः घेत नाही. मालकाला शाळेत घालणारं असं काही आपल्याकडे आहे का?

निवृत्त_क्वालिटीवाला
आहे, पण विखुरलेलं आहे आणि बरंचसं परदेशी सरकारांच्या पैशावर. जपानची एओटीएस ही संस्था १९५९ पासून बाहेरच्या व्यवस्थापकांना टोकियो-ओसाकाला नेऊन शिकवते. खर्चाचा मोठा वाटा जपान सरकार उचलतं. जर्मन सरकारचा मॅनेजर ट्रेनिंग प्रोग्रॅमही आहे, जीआयझेड या त्यांच्या संस्थेमार्फत, लघु-मध्यम कंपन्यांसाठीच. तिकडचं प्रशिक्षण त्यांच्या खर्चाने, विमानाचं तिकीट आपलं. तुमच्यासारख्या दुसऱ्या पिढीला दोन्ही लागू पडतात. आपल्या केंद्र सरकारनेही २००७ मध्ये जपानबरोबर उत्पादन क्षेत्रातल्या नेतृत्वाचा कार्यक्रम सुरू केला होता. प्रा. शोजी शिबा त्याचे प्रमुख, पुढे त्यांना पद्मश्रीही मिळाली.

पण ताई, ओसाका नंतर. तुमचा प्रश्न सुपरवायझरचा आहे. त्याला क्वालिटी सर्कलच्या (कामगारांचे छोटे गट आपल्या कामातल्या अडचणी स्वतः सोडवतात) स्पर्धेत उतरवा, त्या चळवळीच्या क्यूसीएफआय संस्थेचा पुणे चॅप्टर भोसरीतच आहे. सरकारी योजना नाही ही, पण स्वस्त आहे. स्टेजवर उभं राहून स्वतःची समस्या आकड्यांत मांडलेला माणूस परत येऊन केबिनबाहेर ताटकळत नाही, हे मी वीस वर्षं पाहिलंय. एमसीसीआयएच्या (मराठा चेंबरच्या) कार्यशाळांवरही लक्ष ठेवा. तिथे वक्त्यापेक्षा शेजारच्या खुर्चीतला कारखानदार जास्त शिकवून जातो.

नवी पोरं हवी असतील तर औंध आयटीआयतून ॲप्रेंटिस घ्या. एनएपीएस या केंद्राच्या ॲप्रेंटिस योजनेत विद्यावेतनाचा २५% वाटा, महिना १५०० रुपयांपर्यंत, केंद्र देतं. सेन्सर वगैरेंचं वेड कुणी डोक्यात घातलं तर पैसे घालण्याआधी पुण्यातल्याच सी४आय४ लॅबकडून तपासणी करून घ्या. अवजड उद्योग मंत्रालयाच्या समर्थ उद्योग उपक्रमातलं केंद्र आहे ते.

प्रेसशॉप_भोसरी
सगळ्यांचे मनापासून आभार. उद्यम उतरवलं, खरंच 'लघु' आलंय. लीनचं पटलं. पण काका, बाबांना कसं पटवू? "चाळीस वर्षं कारखाना मी चालवतोय, मला पट्टे मारायला शिकवणार का?" हे वाक्य मला आत्ताच ऐकू येतंय.

तळवड्याचा_काका
लीन शब्द काढूच नका. म्हणा, "बाबा, ९०% सरकार देतंय, न घेतलं तर वाया जाईल." आमच्या पिढीला एवढं पुरतं. आणि सल्लागार यायच्या आधी एकच गोष्ट पदरात पाडून घ्या: सुपरवायझरला न विचारता खर्च करायची मर्यादा. मी ५००० ठेवली होती. पहिल्या वर्षात एकानेही गैरवापर केला नाही. एकाने फक्त पंखा आणला, आणि तो लागतच होता.

प्रेसशॉप_भोसरी
तीन आठवड्यांनी अपडेट. लीनची नोंदणी झाली. मर्यादा मिळाली, पण ३००० ची, आणि बिल संध्याकाळी बाबांना दाखवायचं. चालेल. २०० टनाच्या प्रेसवर डाय चेंजचा पहिला व्हिडिओ काल काढला. १ तास ५२ मिनिटं. त्यातली २७ मिनिटं चोवीसचा पाना शोधण्यात. पाना बाबांच्या केबिनमध्ये, टेबलाच्या खणात सापडला.

लेथवाला
३००० मध्ये आणखी एक पाना येतो ताई. साखळीसकट.