मदत हवी आहे: कृमींमधल्या प्रथिनांच्या गुठळ्या मोजायला विद्यार्थ्यांना कसं शिकवावं?

आमच्या महाविद्यालयात एमएस्सीचे तीन विद्यार्थी वयानुसार प्रथिनं कशी गोळा होतात यावर प्रकल्प करताहेत. सी. एलिगन्स या सूक्ष्म गोलकृमीचा एएम१४० वाण वापरतोय. यात स्नायूंमध्ये सलग ३५ ग्लुटामाइन (एक अमिनो आम्ल) असलेलं चमकणारं प्रथिन असतं. तरुण कृमीत ते एकसारखं पसरलेलं दिसतं, वय वाढलं की ठिपक्यांसारख्या गुठळ्या होतात.

अडचण मोजणीची आहे. त्याच कृमीत एकाला १८ गुठळ्या दिसतात, दुसरीला ३१. पहिल्या-दुसऱ्या दिवशी फरक कमी असतो, पाचव्या दिवसानंतर शेजारच्या गुठळ्या चिकटून दिसतात आणि तिथेच मतं फाटतात. मुलं मनापासून काम करतात, त्यामुळे हा दोष मी त्यांच्यावर टाकणार नाही. शिकवण्यात माझंच काही राहतंय.

तापमान २० अंश, वय जुळवलेलं, पिल्लं होऊ नयेत म्हणून एफयूडीआर हे रसायन, मोजताना लेव्हामिसोल या औषधाने कृमी स्थिर, मोजणाऱ्याला गट कळू नये म्हणून प्लेटांवर फक्त सांकेतिक क्रमांक, हे सगळं पाळतो. एकत्र बसून मोजलं की आकडे जुळतात, वेगळे बसले की पुन्हा फाटाफूट. फिजी या प्रतिमा-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरने आपोआप मोजता येईल, पण आधी त्यांची नजर तयार व्हावी असं मला ठामपणे वाटतं. कॉन्फोकल (लेझरने बारीक थर दाखवणारा) सूक्ष्मदर्शक नाही, फक्त फ्लुरोसन्स स्टिरिओ सूक्ष्मदर्शक आहे. त्यामुळे फ्रॅप करून (लेझरने चमक घालवून ती परत येते का ते पाहून) गुठळी पक्की ठरवणं शक्य नाही.

ज्यांनी नवख्यांना हे शिकवलंय त्यांनी सांगावं: चिकटलेल्या गुठळ्यांसाठी तुम्ही कोणता नियम लावता, आणि दोघांच्या मोजणीत किती मेळ बसला की विद्यार्थ्याला स्वतंत्रपणे मोजू देता?