किसुमूच्या शाळेत तीन महिने शिकवायला जातेय, तयारी काय करू?

मुलुंडची_मी:
नमस्कार मंडळी, इथे बरेच दिवस नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच लिहितेय. वय २७, ठाण्यात एका ऑफिसात अकाउंट्सला आहे आणि गेली दोन वर्षं दर रविवारी भांडुपच्या वस्तीतल्या मुलांना गणित शिकवते. आता जानेवारीत केनियात किसुमूला तीन महिने जायचं जवळपास ठरलंय, गरीब वस्तीतली छोटी शाळा आहे, पगार नाही, राहायची सोय त्यांची, तिकीट माझं. आधी एका एजन्सीकडे विचारलं होतं तर दोन आठवड्यांचे लाखभर रुपये मागितले आणि शाळेचं नावसुद्धा सांगेनात, मग तो नाद सोडला आणि ओळखीतून थेट मुख्याध्यापिकेशी बोलले. लसी कुठल्या, सामान काय, स्वाहिली कितपत लागेल? आणि आई रोज विचारते, गोवंडीत मुलं कमी आहेत का गं, एवढ्या लांब कशाला? खरं सांगायचं तर तिला काय उत्तर देऊ तेच कळत नाहीये.

बोटीवरचा_भाऊ:
ताई, मी मर्चंट नेव्हीत आहे, त्यामुळे लसीचं आधी सांगतो. यलो फिव्हरची लस घ्याच. केनियातून भारतात परत येताना लस घेतल्याचं ते पिवळं कार्ड नसेल तर सहा दिवस क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी सर्टिफिकेट लागू होतं आणि मग आयुष्यभर चालतं. मुंबईत सहारच्या एअरपोर्ट हेल्थ ऑफिसला आणि जेजेला मिळते पण वार आणि अपॉइंटमेंट आधी विचारा, पासपोर्ट सोबत न्या, अंड्याची ॲलर्जी असेल तर तिथल्या डॉक्टरांना सांगा. दुसरं म्हणजे मलेरिया. नैरोबी उंचावर आहे म्हणून तिकडे कमी, पण किसुमू व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावर, तिथे भरपूर, प्रतिबंधाच्या गोळ्या निघायच्या आधीपासून सुरू कराव्या लागतात तेव्हा डॉक्टरकडे वेळेत जा.

२०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची आगाऊ परवानगी, काढावा लागतो, पण फुकट शिकवायचं असलं तरी टुरिस्ट म्हणून जाऊन काम करू नका, त्यासाठीचा पास शाळेकडून काढून घ्या, सगळं लेखी. प्लग आपला बसत नाही, तीन चौकोनी पिनांचा लागतो. आणि सामान प्लास्टिकच्या पिशव्यांत अजिबात बांधू नका, तिकडे २०१७ पासून कॅरीबॅगवर कडक बंदी आहे.

नलूमावशी_दादर:
बाळा, मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलं आणि रिटायर झाल्यावर लेकीकडे किसुमूला होते तेव्हा शेजारच्या शाळेत पाच महिने रोज जात होते, म्हणून हक्काने लिहिते. भाषेला घाबरू नकोस. स्वाहिलीत पुस्तक म्हणजे किताबू, पेन म्हणजे कलामू, गणित हेसाबू, औषध दावा, दुकान दुका आणि चहा चायच! पण घरी मुलं बहुतेक लुओ बोलतात, तेव्हा 'एरोकामानो' म्हणजे धन्यवाद, एवढं तरी शिकून जा, चेहरे उजळतात. वेळ मात्र ते सूर्योदयापासून मोजतात, सकाळचे सात म्हणजे 'साआ मोजा', पहिला तास. मला मीटिंग 'साआ न्ने'ला सांगितली, न्ने म्हणजे चार, मी दुपारी चारला गेले, ती सकाळी दहालाच होऊन गेली होती.

मधल्या सुट्टीत मुलांना उजी देतात, आपली नाचणीची आंबीलच ती. माझ्या वर्गात एका पेन्सिलचे ब्लेडने दोन तुकडे करून दोघी बहिणी लिहायच्या, धाकटी आपला तुकडा संपत आला की बोटांच्या टोकांत धरून लिहायची, पण अक्षर मोत्यासारखं. खाऊ आणि खेळणी भरून नेऊ नकोस, वह्या-पेन्सिली तिथल्याच दुकानातून घे आणि बाईंच्या हातून वाटायला दे, कारण तू जाशील, बाई तिथेच राहणार आहेत. जायची तारीख पहिल्याच दिवशी फळ्यावर लिही. मी नाही लिहिली. शेवटच्या आठवड्यात एका मुलाने विचारलं, म्वालिमू, उतारुदी लिनी, बाई परत कधी येणार, आणि मला काही बोलताच आलं नाही. अजून आठवलं की पोटात तुटतं.

परळचा_वाचक:
आईंना एक सांगा. मुलांच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या 'प्रथम' संस्थेचं काम नव्वदच्या दशकात आपल्या मुंबईच्या वस्त्यांतच सुरू झालं, मुलाला अक्षर येतं का, शब्द, परिच्छेद, गोष्ट, असं तपासून इयत्तेप्रमाणे नाही तर येतं तिथपासून गट करून शिकवायचं. ती तपासणी 'असर' म्हणून २००५ पासून देशभर होतेय आणि त्याच धर्तीवर केनियात २००९ पासून 'उवेझो' सुरू झालं. त्यांचे कागद आधी वाचा. आणि गोवंडी की किसुमू असं नाहीच, तुम्ही रविवारचा वर्ग तीन महिने कोणाच्या हाती देऊन जाणार ते आधी ठरवा, आईंची खरी काळजी तीच असणार.

मुलुंडची_मी:
सगळ्यांचे मनापासून आभार! परळकर, तुमचं बरोबर निघालं, आईला हे सगळं वाचून दाखवलं तर म्हणाली, भांडुपच्या पोरांचं कोण बघणार एवढंच सांग. बिल्डिंगमधली एक कॉलेजची मुलगी तयार झालीय, या रविवारपासून माझ्याबरोबर येतेय. मावशी, तुमचं वाचून मुख्याध्यापिकेला मेसेज करून सरळ विचारलं की तुम्हाला माझ्याकडून काय हवंय. उत्तर आलं, चौथीच्या १९ मुलांना भागाकार येत नाही, त्यांच्या बाईंबरोबर बसून घ्याल का? लसीची अपॉइंटमेंट मंगळवारची मिळालीय.