मिशिगनचा वरचा तुकडा: फ्रेंच नाही, टोलेडो
अमेरिकेतल्या मिशिगन राज्याचा वरचा तुकडा (अप्पर पेनिन्सुला) नकाशात सरळ शेजारच्या विस्कॉन्सिन राज्याला चिकटलेला असून मिशिगनकडे कसा, याला काही जण इथल्या फ्रेंच राजवटीच्या काळाचं कारण देतात, ते मला नाही पटत. त्याचा पूर्वेकडचा भाग आधीपासून मिशिगनचाच होता, पण पश्चिमेकडचा मोठा हिस्सा मिळाला तो टोलेडो शहरावरून शेजारच्या ओहायो राज्याशी झालेल्या भांडणात, भरपाई म्हणून. १८३५ मध्ये ओहायो आणि मिशिगन दोघांनी टोलेडोच्या पट्ट्यावर हक्क सांगितला, दोन्हीकडून मिलिशिया (नागरिकांची फौज) निघाली, आणि एवढ्या सगळ्या 'युद्धात' जखमी झाला कोण, तर मिशिगनचा एक डेप्युटी शेरीफ, तोही खिशातल्या चाकूने! (चाकू मारणाऱ्याचं नाव टू स्टिकनी, थोरल्या भावाचं वन, खरंच.) अमेरिकन काँग्रेसने (संसदेने) टोलेडो ओहायोला दिलं आणि बदल्यात मिशिगनला तो पश्चिमेकडचा हिस्सा, मिशिगनने सप्टेंबर १८३६ मध्ये हा सौदा साफ नाकारला, डिसेंबरात मुकाट मान्य केला, मग २६ जानेवारी १८३७ ला २६वं राज्य. ओसाड जंगल गळ्यात मारलं म्हणून लोक चिडले होते, पण १८४० च्या दशकात तिथेच तांबं आणि लोखंड निघालं म्हणजे खरा फायदा कोणाचा झाला बघा. मिशिगनचा वरचा आणि खालचा तुकडा जोडणारा मॅकिनॉ पूल मात्र थेट १९५७ चा, तोपर्यंत फेरीबोटच.