मदत हवी आहे : वेस्ट इंडीजच्या वसाहतींची महसूल आणि 'पोस्टेज ड्यू' तिकिटे कशी ओळखावीत व कशी लावावीत?

नमस्कार.

ब्रिटिश वसाहतींच्या तिकिटांचा एक जुना संग्रह नुकताच माझ्याकडे आला असून त्यात वेस्ट इंडीजमधील बेटांची महसूल तिकिटे आणि नॉटपेड पत्रांवर वसुलीसाठी लावली जाणारी 'पोस्टेज ड्यू' तिकिटे बरीच आहेत. नेहमीची टपाल तिकिटे स्टॅन्ली गिबन्सची तिकीट-सूची समोर ठेवून अल्बममध्ये लावता येतात. परंतु या दोन प्रकारांत तिकीट कोणते आहे यापेक्षा ते कोणत्या कामासाठी वापरले गेले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो आणि तेथेच मी अडलो आहे. जाणकारांनी पुढील शंकांचे निरसन करावे, ही विनंती.

पहिली शंका टोबॅगोची आहे. या बेटाची १८७९ ची पहिली तिकिटे केवळ राणी व्हिक्टोरियाचे मस्तक आणि बेटाचे नाव दाखवतात. त्यांवर 'पोस्टेज' हा शब्द नाही, तरीही ती पत्रांवर चालली. १८८० च्या अखेरीस 'पोस्टेज' असे स्पष्ट लिहिलेली मालिका आली. पुढे जुन्याच चित्राची तिकिटे 'क्राउन सीए' जलचिन्हाच्या (मुकुट आणि त्याखाली 'सीए' ही अक्षरे) कागदावर छापली गेली, पण त्यांना टपालासाठी कधीच मान्यता मिळाली नाही. म्हणजे चित्र तेच, फरक फक्त कागदातल्या जलचिन्हाचा : 'क्राउन सीसी' असेल तर टपालाच्या पानावर, 'क्राउन सीए' असेल तर महसुलाच्या पानावर. माझ्याकडील एक शिलिंगच्या हिरव्या तिकिटावर पेनाचा फराटा (सहसा महसूल तिकीट रद्द केल्याची खूण) आहे आणि प्रकाशासमोर धरल्यास मुकुट दिसतो, अक्षरे मात्र नीट लागत नाहीत. निर्णय कसा करावा?

दुसरी शंका जमैकाची. तेथील महसूल तिकिटांना १८८७ मध्ये टपालासाठी अधिकृत परवानगी मिळाली, त्यामुळे गिबन्स त्यांची नोंद टपाल-महसूल तिकिटे म्हणून करते. माझ्याजवळच्या एक पेनीच्या गुलाबी महसूल तिकिटावर 'ए०१' हा किंग्स्टनचा शिक्का आहे. शिक्का टपाल कार्यालयाचा आहे हे खरे, पण शिक्क्याच्या या क्रमांकाच्या भागात तारीख नसते. मग तो परवानगीनंतरचा आहे असे कशाच्या आधारे म्हणावे?

तिसरी शंका मोठ्या किमतीच्या तिकिटांची. 'पोस्टेज अँड रेव्हेन्यू' असे लिहिलेली तिकिटे दोन्ही कामांना चालत. आपल्याकडेही १९०६ मध्ये सातव्या एडवर्डच्या अर्ध्या आणि एक आण्याच्या तिकिटांवर हेच शब्द आले, आणि पावतीवर तिकीट चिकटवून त्यावर सही करण्याची पद्धत घरोघरी परिचित आहे. लीवर्ड बेटांचे एक पौंडाचे तिकीट साध्या पत्रावर लागण्याची शक्यता कमी, दस्तऐवजावर लागण्याची अधिक. माझ्याकडील प्रतीवर गोल शिक्का सुबक आहे, परंतु रंग किंचित विटलेला वाटतो. पेनाची शाई धुऊन नंतर बनावट शिक्का मारला असेल, तर ते ओळखण्याचा घरगुती उपाय आहे काय?

पोस्टेज ड्यू तिकिटांबद्दल शंका कमी आणि कौतुक अधिक आहे. बार्बाडोसची १९३४ ची तिकिटे अर्धा, एक आणि तीन पेनीची. १९५० मध्ये सेंट आल्यावर तीच एक, दोन आणि सहा सेंटची झाली. सेंट लुशियात एक, दोन, चार, आठ पेनींच्या जागी दोन, चार, आठ, सोळा सेंट आले. तेव्हा वेस्ट इंडीजचे ४.८० डॉलर म्हणजे एक पौंड असे, म्हणून एक सेंट म्हणजे अर्धा पेनी. चलन बदलले तरी दर जागचे हलले नाहीत, हे तिकिटांची रांग लावताच कळते. प्रश्न इतकाच, की पेनी आणि सेंट ही दोन स्वतंत्र पाने करावीत की समोरासमोर लावावीत?

प्रतिसाद १

जलचिन्हापासून सुरुवात करतो. दोन्ही जलचिन्हांत पहिले अक्षर 'सी' असल्याने त्याचा उपयोग नाही. निर्णय दुसऱ्या अक्षरावर होतो. तिकीट मागून पाहिल्यास जलचिन्हाची डावी-उजवी बाजू उलटते, म्हणून मुकुट वर ठेवून मुकुटाखालील डावीकडचे अक्षर शोधा : तेथे गोलाई असेल तर सीसी, टोकदार तिरक्या रेषा असतील तर सीए. कागदातच जलचिन्ह आरशातल्याप्रमाणे फिरलेले असेल तर बाजू पुन्हा बदलते, हेही लक्षात घ्या. काळ्या ताटलीत तिकीट पालथे ठेवून बेन्झिनचे (पेट्रोलसारखा ज्वालाग्राही द्रव) थेंब टाकल्यास अक्षरे उमटतात. खोली हवेशीर असावी आणि जवळ निरंजन, उदबत्ती किंवा शेगडी पेटलेली नसावी.

पाण्याचा वापर मात्र टाळावा. डे ला रू छापखान्याने जांभळ्या आणि हिरव्या तिकिटांसाठी मुद्दाम अशी शाई वापरली, की कोणी शिक्का धुऊ लागला तर तिकिटाचाच रंग निघावा. १९०५ च्या सुमारास आलेल्या खडूचा थर दिलेल्या कागदाचा हेतूही तोच होता. म्हणून तुमच्या लीवर्ड तिकिटाचा विटलेला रंग हाच पहिला पुरावा समजा. अतिनील दिव्याखाली लोहयुक्त शाईचे फराटे डोळ्यांना न दिसणाऱ्या ठिकाणीही काळपट दिसतात, आणि भिंगातून पाहिल्यास खडूचा थर घासल्याच्या जागा कळतात. शिक्का सुबक आहे म्हणून समाधान मानू नका. मादाम जोसेफ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बनावट शिक्क्यांच्या संचात कॅरिबियन वसाहतींचेही शिक्के आहेत, आणि ते महागड्या तिकिटांवर मारले गेले. आपल्या शिक्क्याची तारीख आणि अक्षरांची ठेवण त्या प्रसिद्ध झालेल्या नमुन्यांशी ताडून पाहावी. जुळली आणि शाई धुतल्याच्या खुणाही दिसल्या तर तिकीट महसुलाच्या पानावर 'पेनाने रद्द, नंतर धुतलेले' अशा नोंदीसह लावावे. ते फेकू नये, पण विकतानाही ती नोंद लपवू नये.

जमैकाच्या तिकिटाबाबत एकच उत्तर आहे. तारीख असलेला भाग सोबत असेल, म्हणजे तिकीट पाकिटाच्या तुकड्यावर किंवा पूर्ण पाकिटावर असेल, तरच परवानगीनंतरचा वापर सिद्ध होतो. सुट्या तिकिटाखाली 'किंग्स्टनचा शिक्का' एवढेच लिहावे. पाकिटावरून काढलेले तिकीट पुष्कळदा अशा प्रकारे अर्धा पुरावा गमावते. म्हणून तुमच्या संग्रहात तिकिटे कागदाला चिकटलेली असतील तर ती भिजवू नका.

प्रतिसाद २

पोस्टेज ड्यूची पेनी आणि सेंट समोरासमोर लावावीत असे माझे मत आहे, कारण ही तिकिटे एकटी फारशी बोलत नाहीत. पण पान करण्यापूर्वी १९५० नंतरच्या, खडूच्या कागदावरील प्रती जलचिन्हासाठी अवश्य तपासा. 'मल्टिपल स्क्रिप्ट सीए' (मुकुट आणि वळणदार 'सीए' अक्षरे पुन्हा पुन्हा येणाऱ्या जलचिन्हाचा) कागद तयार करणाऱ्या रोलरवरचे काही मुकुट निखळले आणि त्यांच्या जागी निराळ्या आकाराचे, सेंट एडवर्ड मुकुट बसवले गेले. त्यामुळे 'मुकुट नसलेले' आणि 'चुकीचा मुकुट असलेले' असे दोन्ही प्रकार बार्बाडोस आणि सेंट लुशियाच्या पोस्टेज ड्यू तिकिटांत सापडतात. हे प्रकार मूळ तिकिटापेक्षा कित्येक पटींनी महाग असतात आणि समोरून पाहिल्यास काहीच कळत नाही. शिवाय वापरलेल्या प्रतींत खऱ्या वसुलीच्या थोड्या आणि संग्राहकांसाठी हौसेने शिक्का मारून दिलेल्या पुष्कळ असतात. कमी टपाल हंशिल भरलेल्या परदेशी पत्रावर 'टी' अक्षराचा शिक्का आणि तुटीच्या दुप्पट आकारणी, अशी सांगड असलेले पाकीट मिळाले तर ते सोडू नका.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. टोबॅगोच्या तिकिटावर बेन्झिनचा प्रयोग केला. मुकुटाखाली डावीकडे तिरक्या रेषा स्पष्ट आहेत, म्हणजे ते महसुलाच्या पानावर गेले. बार्बाडोसच्या दोन सेंटच्या एका काळ्या तिकिटात मुकुटाच्या जागी मोकळी जागा दिसते, परंतु ती जागा तिकिटाच्या कडेला अर्धवट कापली गेली आहे. शेजारचे मुकुट पूर्ण दिसत असताना एकच अर्धवट मोकळी जागा 'मुकुट नसलेले' या नोंदीसाठी पुरेशी मानली जाते काय, आणि असे तिकीट तज्ज्ञ समितीकडे प्रमाणपत्रासाठी पाठवण्याचा खर्च दोन सेंटच्या तिकिटावर करणे योग्य ठरेल काय, हे कोणी सांगितल्यास बरे होईल.