सायबरपंक चित्रपटांतील पाऊस आणि निऑन: शैली की आशय?

कृष्णधवल (प्रश्न):
रिडली स्कॉट यांचा ‘ब्लेड रनर’ (१९८२) आणि मामोरू ओशी यांचा ‘घोस्ट इन द शेल’ (१९९५) हे दोन सायबरपंक चित्रपट (प्रगत तंत्रज्ञान आणि बकाल, विषम समाज एकत्र दाखवणारा विज्ञानकथेचा प्रकार) मी नुकतेच लागोपाठ पाहिले. दोन्हींत ओले रस्ते, निऑनच्या पाट्या, दाटीवाटीच्या इमारती आणि त्यांच्या पायथ्याशी भरलेला बाजार आहे. पुढे ही दृश्ये इतरांनी इतकी उचलली की आता ती निव्वळ सजावट वाटू लागली आहेत. मूळ चित्रपटांत या दृश्यशैलीचा आशयाशी अंगभूत संबंध आहे का?

दीपमाळ:
संबंध आहे, पण तो पाहायचा असेल तर रंगांपेक्षा प्रकाश कुठून येतो याकडे लक्ष द्यावे. ‘ब्लेड रनर’चे छायालेखक जॉर्डन क्रोनेनवेथ यांनी अनेक प्रसंगांत बाहेरचे तीव्र झोत खिडक्यांतून आत सोडले आणि धुरामुळे त्या झोतांना आकार आला. लॉस एंजेलिसच्या ब्रॅडबरी बिल्डिंगमधील प्रसंगांत तर पृथ्वीबाहेरच्या वसाहतींची जाहिरात करत शहरावर तरंगणाऱ्या यानाचा प्रकाश काचेच्या छतातून खाली उतरतो. तिथे राहणाऱ्याला स्वतःच्या घरातला अंधारही आपल्या मर्जीने मिळत नाही. कंपन्यांनी माणसाचे खासगी आयुष्य व्यापणे हा या चित्रप्रकाराचा गाभा आहे, आणि तो येथे एकाही संवादाशिवाय पोहोचतो.

पावसामागे व्यावहारिक कारणही होते. रस्त्यांची बरीच दृश्ये बरबँक येथील स्टुडिओच्या आवारातील जुन्या नेपथ्यावर रात्री चित्रित झाली, आणि पाऊस, धूर व अंधार यांनी त्या नेपथ्याच्या मर्यादा झाकल्या. अडचणीतून सुचलेली गोष्ट आशयाशी इतकी एकजीव व्हावी, याचे मला मोठे अप्रूप वाटते.

जलरेषा:
ओशींच्या चित्रपटातील शहर हाँगकाँगवर बेतलेले आहे. चित्रपटाच्या मध्यावर कथानक जवळजवळ थांबते आणि काही मिनिटे केवळ कालवे, पाट्या, अर्धवट बांधकामे, पाऊस आणि केन्जी कावाई यांचे संगीत एवढेच उरते. त्यात चित्रपटाची नायिका मेजर कुसानागी हिला काचेपलीकडे हुबेहूब आपल्यासारखी दिसणारी स्त्री दिसते आणि पुढे दुकानात मांडलेले पुतळे दिसतात. त्याच्या थोडे आधी नावेवरच्या संभाषणात नोकरी सोडल्यास आपले कृत्रिम शरीर परत करावे लागेल, हा विषय निघालेला असतो. ज्या शरीराने ती जगते ते तिच्या मालकीचे नाही, हे कळल्यावर तिच्या चेहऱ्याची दुसरी प्रत पाहताना आपणही अस्वस्थ होतो. ही दृश्ये वगळली तर चित्रपटातील तात्त्विक प्रश्न कोरड्या चर्चेसारखे वाटले असते, असे माझे ठाम मत आहे.

लोखंडी_पूल:
दोन्ही उत्तरे पटतात, तरी एक आक्षेप नोंदवावासा वाटतो. १९८०च्या दशकात जपानच्या आर्थिक भरारीने अमेरिकेत धास्ती निर्माण केली होती, आणि ‘ब्लेड रनर’मधील इमारतभर पसरलेली जपानी स्त्रीची जाहिरात त्या धास्तीपासून वेगळी काढता येत नाही. तिथले आशियाई चेहरे बहुतांशी गर्दीत आहेत. कथा मात्र इतरांची आहे. या शैलीचे कौतुक करताना ही बाजू सहसा निसटते.

शिवाय निऑन अपरिहार्य नाही. शिन्या त्सुकामोतो यांचा ‘तेत्सुओ’ (१९८९) १६ मिलिमीटरच्या कृष्णधवल फिल्मवर चित्रित झाला असून, त्यात एका सामान्य नोकरदाराचे शरीर हळूहळू भंगार लोखंडात बदलत जाते. तंत्रज्ञान माणसाच्या कातडीखाली शिरते तेव्हा काय होते, हे इतक्या दाहकपणे फार थोड्या चित्रपटांनी दाखवले आहे.

कृष्णधवल:
सर्वांचे आभार. ‘तेत्सुओ’ अवश्य पाहीन. प्रकाशाच्या मुद्द्यावरून ‘द मॅट्रिक्स’ (१९९९) आठवला. त्यातील आभासी जग पुष्कळदा भरदिवसाचे, स्वच्छ कार्यालयांचे आहे, आणि त्यावर हिरवट छटा आहे. खऱ्या जगातील दृश्ये मात्र निळसर आहेत. आभासी जगात तर सूर्यप्रकाशसुद्धा यंत्रांनी पुरवलेला आहे. दीपमाळ, आपल्या निकषाने हा चित्रपटही त्याच परंपरेत बसतो ना?

दीपमाळ:
निश्चितच बसतो. त्या चित्रपटात खरे आकाश माणसांनीच काळवंडून टाकलेले आहे, हेही त्यासोबत लक्षात घ्यावे.