कुणी पाहिलं नाही, तरी शिक्षा झाली. अपिलात काय मांडावं?

मेघना_प्र
नमस्कार. शेजाऱ्याच्या गाडीच्या काचा फोडल्या म्हणून माझ्या भावाला जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४२७ (मालमत्तेचं नुकसान) खाली तीन महिने कैद झाली आहे. घटना २०२२ ची. फोडताना कुणीच पाहिलेलं नाही. पुरावा काय, तर पार्किंगवरून जुना वाद, त्या रात्री तो जिन्यात दिसला असं सांगणारा एक साक्षीदार, आणि त्याने गच्चीवरच्या टाकीमागून काढून दिलेला लोखंडी रॉड. एवढ्यावर शिक्षा टिकते? शिवाय अपील केलं तर शिक्षा वाढेल, असं लोक घाबरवताहेत.

फौजदारी_वकील
ताई, आधी भीतीचं. तुमच्या अपिलात सत्र न्यायालय शिक्षा वाढवू शकत नाही. त्यासाठी सरकारला वेगळं अपील करावं लागतं. मुदत ३० दिवस. निकालाची नक्कल मिळेपर्यंतचा वेळ त्यातून वजा होतो. नकलेचा अर्ज केला नसेल तर आजच करा.

प्रत्यक्षदर्शी नाही म्हणून केस आपोआप पडत नाही. परिस्थितीजन्य पुराव्यावरही शिक्षा होते, पण साखळी पूर्ण लागते. शरद बिरधीचंद सारडा खटल्यात (१९८४) सर्वोच्च न्यायालयाने त्याची पाच सूत्रं घालून दिली, त्यांनाच ‘पंचशील’ म्हटलं. प्रत्येक परिस्थिती स्वतंत्रपणे पूर्ण सिद्ध हवी, आणि सगळ्या मिळून आरोपी दोषी आहे याखेरीज दुसरा निष्कर्ष निघता कामा नये. तो मृत्यूचा खटला होता, म्हणून काचा फोडल्याच्या केसमध्ये तो दाखवायला काही जण कचरतात. मला हे पटत नाही. तीन महिन्यांची कैदही कैदच आहे.

तुमची केस त्या रॉडवर उभी आहे. ‘रॉड लपवलेली जागा दाखवतो’ एवढंच जुन्या पुरावा कायद्याच्या कलम २७ खाली पुराव्यात येतं. ‘याच रॉडने काचा फोडल्या’ हे पोलिसांसमोरचं वाक्य पंचनाम्यात असलं तरी विचारात घेता येत नाही. निकालपत्रात त्यावर भिस्त ठेवली असेल तर अपिलाचा पहिला मुद्दा तोच. रॉडवर काचेचे कण सापडले का? तो तपासणीला तरी पाठवला होता का? गच्चीला कुलूप असतं का? आणि भाऊ त्याच इमारतीत राहत असेल, तर जिन्यात दिसण्यात विशेष काय?

निवृत्त_शिरस्तेदार
जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३ चा जबाब, म्हणजे न्यायालयाने पुराव्याबद्दल आरोपीला विचारलेले प्रश्न आणि त्याची उत्तरं, काढून वाचा, बाई. रॉडबद्दल त्याला प्रश्न विचारला होता का? जी परिस्थिती आरोपीसमोर ठेवलीच नाही ती त्याच्याविरुद्ध धरता येत नाही, हेही सारडा निकालातच आहे. रॉड जप्त करतानाचे पंच साक्षीत फितूर झालेत का तेही बघा. वादाचं म्हणाल तर ते दुधारी शस्त्र आहे. वैरापोटी खोटं नावही घेतलं जातं.

मेघना_प्र
भाऊ दुसऱ्या मजल्यावरच राहतो, आणि गच्ची कायम उघडी असते. सीसीटीव्हीचा पेन ड्राइव्हही दाखल आहे, पण इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या नकलेसोबत लागणारं, जुन्या पुरावा कायद्यातलं कलम ६५-ब चं प्रमाणपत्र नाही.

फौजदारी_वकील
प्रमाणपत्र सक्तीचं आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात (२०२०) म्हटलंय. पण घाई नको. पेन ड्राइव्हला निशाणी पडली, म्हणजे तो पुरावा म्हणून नोंदला गेला, तेव्हा तुमच्या वकिलांनी हरकत घेतली होती का? नसेल तर सर्वोच्च न्यायालयाचा सोनू विरुद्ध हरियाणा हा निकाल (२०१७) आडवा येईल. ही हरकत अपिलात पहिल्यांदा घेता येत नाही, असं त्यात म्हटलंय. तसं असेल तर चित्रीकरणात चेहरा खरंच ओळखू येतो का, यावर जोर द्या. रोजनामा (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाची नोंद) आणि निशाण्यांची यादी मागवून घ्या, मग बोलू.